आधी फडकं आणा

नाशिकच्या भांडी बाजारात काउंटरवर मोठा काटा असतोच, कारण तांब्या-पितळेचा माल अजूनही किलोवर जातो. आमच्या दुकानात मी ज्या बाजूला उभी असते तिथे मात्र काट्याचं काही काम पडत नाही. माझ्याकडे स्टील, नॉनस्टिक आणि अलीकडे बराच वाढलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा माल. तवे, कढया, आप्पेपात्रं, शिवाय एका फळीवर एनॅमल चढवलेली, जड झाकणाची रंगीत भांडी. ती मागणारी बहुतेक कॉलेज रोड, गंगापूर रोडकडची तरुण मंडळी. घरी ब्रेड भाजायचा असतो, या जड झाकणाच्या भांड्यालाच ते डच ओव्हन म्हणतात, 'डच ओव्हन आहे का' म्हणून विचारत येतात. सत्तरी ओलांडलेल्या आजी त्या फळीकडे सहसा वळत नाहीत.

आखाडातली गोष्ट आहे. पाऊस लागून राहिला होता आणि धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली होती. असं झालं की आमचे मालक दर तासाला कुणाला तरी फोन करून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते विचारतात; पुराचं माप इथे त्या मूर्तीवरूनच धरतात. 2019च्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजारात गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी शिरलं होतं, तेव्हापासून त्यांचा धीर सुटतो तो सुटतोच. त्या दिवशीही त्यांनी आम्हाला खालच्या फळीवरचा बिडाचा माल वर चढवायला लावला होता. बीड पाण्यात बुडालं की दुसऱ्या दिवशी तांबडं झालंच म्हणून समजा. तर मी सकाळपासून तेच उचलत होते आणि मनगटं भरून आली होती. हे सांगायचं कारण पुढे कळेल.

आजी, सून आणि कॉलेजातला नातू असे तिघं आले. नातवाच्या पाठीवरच्या सॅकमधून जुनं भांडं निघालं. बाहेरून केशरी, आतून सायीच्या रंगाचं, फ्रान्सच्या ल क्रूझेचं. ही कंपनी 1925 पासून हीच भांडी ओतते. आजींच्या परदेशातल्या लेकीनं ते कधीकाळी विमानातून आणलं होतं. आतल्या बुडावर मधोमध करंगळीच्या नखाएवढा टवका उडालेला, खालचं लोखंड गंजून तपकिरी झालेलं, आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक चिरा.

"बाहेरून असतं तर चाललं असतं आजी," मी म्हटलं. "आतून गेलंय. आता नका वापरू."

एनॅमल म्हणजे काचच असते. तिची पूड लोखंडावर बसवून 800 अंशांच्या आसपास भट्टीत वितळवतात. एकदा आतून टवका उडाला की कडेची काच सुटत राहते, आणि ती रश्श्यात गेलेली कळतही नाही. हे कशानं झालं ते आजींनी स्वतःच सांगितलं. भांडी घासायला नवीन बाई लागली, तिनं तापलेल्या भांड्यात धो-धो नळाचं पाणी सोडलं. काच आणि लोखंड सारख्या वेगानं आकसत नाहीत, मग काच हार मानते. "तिला तरी काय माहीत," आजी म्हणाल्या, आणि विषय तिथेच मिटवला.

खरी अडचण वेगळीच होती. आखाडाचं जेवण जवळ आलं होतं, लेकी-जावई येणार होते, आणि कोणतं भांडं घ्यायचं यावर घरात दोन तट पडले होते. परदेशातली लेक व्हिडिओ कॉलवर होती आणि तिला हुबेहूब तेच, तेवढंच, त्याच कंपनीचं हवं होतं. पैसे ती पाठवणार होती. त्या पैशात आपल्याकडे फ्रिज येतो, पण तो तिचा प्रश्न. सुनेला हलकं हवं होतं. "आईंचा उजवा अंगठा रात्री सुजतो हो ताई. डॉक्टरांनी वजन उचलायला नको म्हणून सांगितलंय. आणि या भांडं उचलायला मला हाक मारत नाहीत." यातली शेवटची तक्रार खरी असावी, कारण आजी दुसरीकडे बघायला लागल्या.

सून म्हणाली, कुकर आहे की घरात. आजींनी फक्त एवढंच म्हटलं, "कुकरात मटण शिजतं, रस्सा शिजत नाही." त्यावर कोणी काही बोललं नाही.

मी आधी साधं, एनॅमल नसलेलं बिडाचं भांडं बाजूला काढलं. ते स्वस्त पडतं, टिकतं, टवका उडायची भानगड नाही. पण आजी चिंच-गुळाची आमटी त्याच भांड्यात करतात आणि उरलेली रात्रभर त्यातच राहते. आंबट पदार्थ बिडावरचा तेलाचा थर खाऊन टाकतो, आमटी काळपट होते, तोंडात लोखंडाची चव येते. शिवाय दर वेळी पुसून, कोरडं करून, तेलाचा हात फिरवायचा. तो विषय तिथेच संपला.

मग सुनेच्या मनातलं भांडं, ओतीव अॅल्युमिनियमचं, आतून नॉनस्टिक. दिसायला तसंच जाडजूड, वजन मात्र दोन किलोच्या आसपास. सुनेनं एका हातानं उचलून दाखवलं आणि फोनकडे बघून हसली. मीही तेच विकून मोकळी झाले असते. आजींनी ते काउंटरवर ठेवलं, मला म्हणाल्या, "पोरी, एक पळी दे." आणि रिकाम्या भांड्यात पिठलं घोटावं तसा हात फिरवायला लागल्या. भांडं गर्रकन फिरलं आणि काउंटरच्या कडेपर्यंत सरकलं.

"बघ. आता हे धरायला दुसरा हात लागणार. आणि माझा डावा तर उजव्याहून वाईट."

इतकी वर्षं भांडी विकते, पण हा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता. वजन हाताला नडतं ते उचलताना. ढवळताना तेच वजन भांडं जागेवर धरून ठेवतं. काळा मसाला परतताना, खोबरं-कांदा भाजताना आजी तासभर उभ्या असतात. तिथे त्यांना जडच हवं. मग विचारायचं एवढंच, की भांडं उचलावं लागतं कधी आणि कोणाला?

मी विचारत गेले. भांडं कुठे ठेवता? ओट्याखालच्या कपाटात, तळाला. म्हणजे रोज वाकून, हात लांब करून बाहेर काढायचं, आणि अंगठ्यावर सगळ्यात जास्त ताण तिथेच. शेगडीवरून उतरवता का? नाही, तिथूनच वाढते. धुतं कोण? बाई. म्हणजे आजींच्या हातून ते उचललं जायचं फक्त कपाटातून ओट्यावर. "मग ते ओट्यावरच राहू दे ना," मी म्हटलं. सून म्हणाली, ओट्यावर मिक्सर आहे. नातू म्हणाला, मिक्सर कपाटात जाऊ दे, तो मी काढून देईन. पोरगं तोपर्यंत मोबाइलवर डच ओव्हनचा इतिहास वाचत होतं. डार्बी नावाच्या इंग्रजानं 1707 साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतायचं पेटंट घेतलं, वगैरे. आजींचे यजमान सातपूरला फाउंड्रीत, धातू ओतायच्या कारखान्यात होते, त्यामुळे वाळूचे साचे त्यांना काही नवीन नव्हते. नातवाला म्हणाल्या, "तुझे आजोबा घरी यायचे तेव्हा नाकातून ती वाळूच निघायची."

आता मी तो काटा ओढून घेतला. मालकांनी भुवया वर केल्या, पण गिऱ्हाईक समोर होतं.

जुनं भांडं आधी चढवलं. झाकणासकट पाच किलो दोनशे. त्यात झाकण एकटं दीड किलो. नातवानं बाटलीनं मोजून तीन लिटर पाणी ओतलं, आजींचा रस्सा साधारण तेवढाच होतो. झाकण ठेवल्यावर आठ किलोच्या वर. फोनवरची लेक गप्प झाली. तिच्या मनात भांड्याचा रंग होता, आकडा नव्हता.

मग मी फळीवरचं 24 सेंटिमीटरचं काढलं, देशी बनावटीचं, चार लिटरचं. आजींनी पहिल्यांदा बोटाच्या पेरानं काठावर टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं. माठ घेताना करतात तसं. आत तडा असेल तर आवाज बद्द येतो. हे खणखणीत वाजलं. दोन रंगांत होतं, एक आतून काळं खरबरीत आणि एक आतून पांढरं. काळ्यावर डाग दिसत नाहीत म्हणून हल्ली तेच जास्त खपतं, मी तसं म्हटलंही. आजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. "काळ्या बुडात काळा मसाला करपला तर मला वासावरूनच कळायचं," त्या म्हणाल्या, "आणि वास आला म्हणजे गेलाच की तो." पांढरं ठरलं.

त्या कान धरून उचलायला लागल्या तेव्हा मी थांबवलं. "आजी, थांबा. आधी फडकं आणा कुणी."

दुकानात सगळे भांडं उघड्या हातानं उचलून बघतात, आणि घरी मात्र ते कायम फडक्यानं उचललं जातं. फडकं चार पदरी दुमडून कानात घातलं की खरं काय ते कळतं. जुन्या भांड्याच्या कानात दोन बोटं कशीबशी गेली, तीही पेरापर्यंत. मग सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो आणि अंगठा वरून दाबून धरावा लागतो. सुजणार नाही तर काय? आमच्या भांड्याचे कान रुंद होते, फडक्यासकट चारही बोटं आरपार गेली आणि वजन तळहातावर आलं. आजींनी दोन लिटर पाण्यासकट ते उचललं, पोटाशी घेतलं, परत ठेवलं. मग म्हणाल्या, "हं." सुनेनं जुनं भांडं त्याच फडक्यानं उचलून पाहिलं आणि बोटं झटकत खाली ठेवलं.

राहिलं झाकण. लोखंडी, सव्वा किलोचं, मुठीशी निसटतं. मटण शिजेपर्यंत ते कितीदा काढता, असं विचारलं तर आजी हसल्या. "मी कुठे ते झाकण वापरते? मी ताटली ठेवते, पाण्याची."

आपल्याकडे घरोघरी ही पद्धत आहे. खोलगट ताटलीत पाणी ठेवायचं, ते झाकण म्हणून वर. ताटली गार राहते, आतली वाफ तिला लागून पाणी होते आणि थेंब थेंब खाली पडते. महागड्या भांड्यांच्या झाकणांना आतून जी बारीक टोकं असतात ती याचसाठी. आणि वरचं पाणी तापलं की तेच रश्श्यात घालायचं, म्हणजे उकळी मोडत नाही. एनॅमलच्या भांड्यात तर ते जास्तच बरं, कारण गार पाण्याचा दणका काचेला बसत नाही. आजींना काचेचं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या आईनं सांगितलं होतं, गार पाणी घातलं तर मटण चिवट होतं.

मी स्टीलच्या फळीवरून काठाला रुंद ओठ असलेली ताटली शोधली. दोन-तीन लावून पाहिल्या. एक डुगडुगत होती, एक आत घसरत होती, एक बरोबर बसली. तिचं वजन लोखंडी झाकणापुढे काहीच नाही. लोखंडी झाकण कागदात गुंडाळून खोक्यात तळाशी ठेवलं.

लेकीनं फोनवरून विचारलं, पण हे टिकेल का तेवढं? मी खरं ते सांगितलं. फ्रेंच भांड्याची काच जास्त चांगली बसवलेली असते यात शंका नाही. पण रिकामं तापवलं, नळाखाली धरलं, पळी काठावर आपटली, तर ते पण गेलंच, आताच गेलंय. मंद ते मध्यम आचेवर ठेवा, लाकडी पळी वापरा, निवल्यावर धुवा. आणि शेगडी काचेची असेल तर वरून आदळू नका, ओढू पण नका. सुनेनं हे सगळं रेकॉर्ड करून घेतलं, घासणाऱ्या बाईंना ऐकवायला.

साडेचार हजारांचं बिल झालं. आजींनी जुन्या भांड्याची मोड मागितली, पितळेची देता तशी. मालक म्हणाले, बिडाला भंगारवाला किलोला किती देतो ते तुम्हाला माहितीय. आजी म्हणाल्या, माहितीय, म्हणूनच विचारलं, ताटलीचे पैसे कापून घ्या त्यात. मालकांनी कापले. पुराच्या टेन्शनमध्ये नसते तर कापले नसते, असं मला वाटतं.

आखाड संपायच्या आत सुनेचा फोन आला. मटण छान झालं, अंगठा बराय, मिक्सर खरंच कपाटात गेला, पण पांढऱ्या बुडावर हळदीचा पिवळा डाग बसलाय, जात नाही. मी सांगितलं, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा, तारेची घासणी लावू नका, आणि ऊन पडलं की उन्हात ठेवा, हळद उन्हानं फिकी पडते.

"ऊन कुठंय ताई," ती म्हणाली. "आणि आई म्हणतात, डाग राहू दे. तारेनं घासायला लावलंस तर बाईच्या आधी तुला बोलेन."