जेफरसन मार्शलचा मामा कसा?

अमेरिकेच्या सुरुवातीच्या राजकारणावर काही लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आणि सरन्यायाधीश जॉन मार्शल हे म्हणे एकमेकांचे ‘कझिन’ होते. पण आडनावं वेगळी, पक्ष वेगळे आणि वैर तर आयुष्यभराचं. मग हे नातं आलं कुठून, आणि ते खरं की सांगोवांगी, हे ठरवायचं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगतो.

आधी थेट उत्तर. ‘कझिन’ हा शब्द इथं काहीच सांगत नाही. मराठीत मोजलं तर जेफरसन मार्शलचा मामा लागतो. लांबचा, पण मामाच.

नात्याचं मूळ व्हर्जिनियात जेम्स नदीकाठच्या टर्की आयलंड या मळ्यावर आहे. विल्यम रँडॉल्फ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडहून तिथं येऊन स्थायिक झाला, मेरी आयशमशी त्याचं लग्न झालं आणि १७११ मध्ये तो वारला. त्यांचे सात मुलगे आणि दोन मुली मोठे होऊन संसाराला लागले. मुलांना जमिनी मिळाल्या आणि त्या जमिनींची नावं त्यांना चिकटली: टकाहोचा थॉमस, डंजनेसचा आयशम, कर्ल्सचा रिचर्ड. सर जॉन रँडॉल्फ विल्यम्सबर्गमध्ये मोठा वकील झाला. एलिझाबेथ ही मुलगी ब्लँड घराण्यात दिली, दुसरी मेरी स्टिथ घराण्यात.

आता दोन फांद्या शेजारी ठेवा. आयशमची मुलगी जेन. तिनं पीटर जेफरसनशी लग्न केलं आणि १७४३ मध्ये थॉमस जेफरसन जन्मला. इकडे टकाहोच्या थॉमसची मुलगी मेरी. तिचं लग्न जेम्स कीथ या पाद्र्याशी झालं. त्यांची मुलगी मेरी कीथ, तिचा नवरा थॉमस मार्शल, आणि त्यांचा मुलगा जॉन मार्शल, जन्म १७५५. आयशम आणि थॉमस सख्खे भाऊ, म्हणजे जेन आणि थोरली मेरी चुलतबहिणी. त्यांची मुलं, जेफरसन आणि मार्शलची आई, ही एकमेकांची लांबची मावसभावंडं. आईचा मावसभाऊ तो मामा. झालं.

इंग्रजी वंशावळकार हेच पायऱ्या मोजून सांगतात. समान पूर्वजापासून प्रत्येकाच्या किती पिढ्या खाली, ते मोजायचं. विल्यमपासून जेफरसन तिसऱ्या पिढीत, मार्शल चौथ्या. दोन्हींतला लहान आकडा तीन, त्यातून एक वजा केला की दोन, म्हणून ‘सेकंड कझिन’. आकड्यांतला फरक एक, म्हणून ‘वन्स रिमूव्हड’. ही पद्धत अंतर अचूक सांगते, पण वाट लपवते. नातं बापाकडून की आईकडून, कोण वडील पिढीत आणि कोण धाकट्या, यातलं काही तिच्यातून कळत नाही. मराठी शब्द वाट सांगतात, पण किती लांब ते सांगत नाहीत. म्हणून कागदावर दोन्ही लिहावं: पायऱ्यांचा आकडा आणि शेजारी मराठी नातं. चूक झाली असेल तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि ती लगेच उघडी पडते.

या वंशावळीचा खरा उपयोग बघायचा असेल तर १८०७ च्या उन्हाळ्यातलं रिचमंडचं न्यायालय डोळ्यांपुढे आणा. माजी उपराष्ट्राध्यक्ष एरन बर याच्यावर देशद्रोहाचा खटला. न्यायासनावर जॉन मार्शल. आरोप ठेवायचे की नाही ते ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीचा प्रमुख रोआनोकचा जॉन रँडॉल्फ, कर्ल्सच्या रिचर्डचा नातू. बरच्या बाजूच्या वकिलांत एडमंड रँडॉल्फ, सर जॉनचा नातू. देशाचा पहिला ॲटर्नी जनरल आणि जेफरसननंतरचा परराष्ट्रमंत्री. त्याच बाजूला चार्ल्स ली. विल्यमची मुलगी एलिझाबेथ ब्लँड, तिची मुलगी मेरी ब्लँड ली घराण्यात गेली, तिचा मुलगा हेन्री आणि हेन्रीचा मुलगा चार्ल्स. आणि बरला शिक्षा व्हावी म्हणून राजधानीतून जोर लावणारा राष्ट्राध्यक्ष जेफरसन, ज्याच्याजवळची कागदपत्रं हजर करण्याचं समन्स मार्शलनं जूनमध्ये काढलं. पाचही जण टर्की आयलंडच्या त्या एकाच जोडप्याचे वंशज. जेफरसन, एडमंड आणि रोआनोकचा जॉन तिसऱ्या पिढीत, मार्शल आणि चार्ल्स ली चौथ्या. म्हणजे न्यायाधीशाचे तीन मामा या एका खटल्यात गुंतलेले होते, आणि त्यातला ज्युरीप्रमुख मामा भाच्यापेक्षा १८ वर्षांनी लहान. सप्टेंबरमध्ये बर सुटला. जेफरसनचा संताप झाला.

यातून भाऊबंदांनी मिळून देश चालवला असा निष्कर्ष काढू नका. नातं असलं की एकमत असतं, हे गृहीतच चुकीचं आहे. ‘भाऊबंदकी’ हा शब्द असलेल्या भाषेत हे वेगळं सांगायला नको. नात्यानं मिळायचा तो शिरकाव: शिक्षण, जमीन, वकिलीची पहिली अशिलं, विधानसभेची जागा. १७७५ मध्ये काँटिनेंटल काँग्रेसचा, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेचा, पहिला अध्यक्ष पेटन रँडॉल्फ व्हर्जिनियाला परतला, तेव्हा त्याच्या जागी गेला जेफरसन. पेटन त्याच्या आईचा सख्खा चुलतभाऊ. पेटनचा भाऊ जॉन मात्र त्याच वर्षी राजाशी एकनिष्ठ राहून इंग्लंडला निघून गेला, आणि जॉनचा मुलगा एडमंड इथंच राहून वॉशिंग्टनच्या सैन्यात दाखल झाला. एकाच घरात तीन वाटा.

आता शोधायचं कसं. वरच्या पाच जणांत दोघांचंच आडनाव रँडॉल्फ आहे. जेफरसन, मार्शल आणि ली तिघंही मुलींच्या बाजूनं आलेत. आडनावाच्या मागे गेलात तर निम्म्याहून जास्त घराणं सुटतं. मुलींच्या मागे जा. आपल्याकडच्या कुळवृत्तांतांत मुलीचं नाव लिहून पुढे ‘अमुक गावी दिली’ एवढ्यावर ओळ संपते, तिथंच खरं काम सुरू होतं.

नियम एकच: प्रत्येक दुव्याला, म्हणजे प्रत्येक आई-मूल किंवा बाप-मूल जोडीला, दोघांचं नातं सांगणारा स्वतंत्र कागद हवा. मुलींसाठी सगळ्यांत कामाचं म्हणजे बापाचं मृत्युपत्र. त्यात मुलीचं नाव बहुतेक वेळा नवऱ्याच्या आडनावासह येतं, त्यामुळे माहेर आणि सासर एका ओळीत सापडतं. दुसरा कागद लग्नाचा बाँड, म्हणजे लग्नाआधी लिहून दिलेलं हमीपत्र. नवऱ्या मुलासोबत जो जामीन सही करतो तो पुष्कळदा नवरीचा बाप नाहीतर भाऊ असतो. तिसरा, जमिनीच्या खरेदीखतावरचा बायकोचा हक्कसोड. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत एक तृतीयांश हयातभराचा हक्क असे. म्हणून नवरा जमीन विकताना न्यायालयाची माणसं बायकोला बाजूला घेऊन, नवऱ्याच्या माघारी, तिची संमती विचारत आणि तशी नोंद करत. एरवी कुठल्याच कागदावर न येणारी बाई या नोंदीत नावासकट भेटते, आणि त्या तारखेला ती जिवंत होती हेही कळतं.

कौटुंबिक बायबलच्या पानांवर जन्ममृत्यू लिहिलेले असतात आणि लोक त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. आधी बायबल छापल्याचं साल बघा. १७९० ला छापलेल्या पुस्तकात १७४० चा जन्म असेल तर ती आठवणीतून मागाहून केलेली नोंद. सगळ्या नोंदींना एकच शाई आणि एकच अक्षर असेल तर तीही एका बैठकीत उतरवलेली. टाकाऊ नाही, पण पुरावा दुय्यम.

चुका कुठं होतात ते आता. पहिली चूक तारखांची. इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत आजच्यापेक्षा काही दिवस मागे चालणारं जुनं कॅलेंडर होतं आणि नवं वर्ष २५ मार्चला लागे. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस आधीच्या सालात मोडत. वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या हिशोबानं ११ फेब्रुवारी १७३१, आजच्या हिशोबानं २२ फेब्रुवारी १७३२. जेफरसनच्या थडग्यावर २ एप्रिल १७४३ कोरलंय आणि पुढे ‘ओ. एस.’, म्हणजे जुनी पद्धत. वाढदिवस मात्र १३ एप्रिलला होतो. हे विसरलं की मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि नसलेल्या भानगडी उभ्या राहतात.

दुसरी चूक शब्दांची. त्या काळात ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असं नाही. परगण्यात त्याच नावाचा वयानं मोठा कोणी असला तरी धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग तो पुतण्या असो की परका. ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे बऱ्याचदा सावत्र आई, ‘ब्रदर’ म्हणजे मेहुणाही, आणि ‘ऑर्फन’ म्हणजे बाप वारलेलं मूल, आई जिवंत असली तरी.

तिसरी चूक नावांची, आणि रँडॉल्फांनी तिथं कहर केलाय. टकाहोच्या थॉमस मान रँडॉल्फला १७६८ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव थॉमस मान. याच मुलानं १७९० मध्ये जेफरसनची मुलगी मार्था हिच्याशी लग्न केलं आणि पुढे तो व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला. त्याच साली बापानंही दुसरं लग्न केलं आणि १७९२ मध्ये झालेल्या मुलाचं नाव पुन्हा थॉमस मान ठेवलं. थोरला हयात असताना! टकाहो मळा या धाकट्याकडे गेला. ‘थॉमस मान रँडॉल्फ’ एवढंच नाव असलेला कागद हाती आला तर जमीन कुठली, बायको कोण आणि साल कोणतं, या तिन्हींची खात्री झाल्याशिवाय तो कुणाच्याही खात्यावर टाकू नका.

काही ठिकाणी कागदच नाहीत. यादवी युद्धात हॅनोवर, जेम्स सिटी अशा काही परगण्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच पेटलं. अशा वेळी शेजारच्या परगण्यातली खतं, चर्चच्या नोंदी आणि खाजगी पत्रं यांवर भागवावं लागतं.

लग्नं आपसांत होत, म्हणून एकाच माणसाशी दोन-तीन वाटांनी नातं निघतं. मार्था जेफरसन आणि तिचा नवरा दोघंही विल्यमपासून चौथ्या पिढीत. तिची धाकटी बहीण मरायाचं लग्न १७९७ मध्ये जॉन वेल्स एप्सशी झालं. तो तिच्या सावत्र मावशीचा मुलगा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत चालतं, पण मावसभाऊ म्हणजे भाऊच, त्यामुळे मराठी वाचक इथं दचकतो. इंग्लंडच्या चर्चच्या निषिद्ध नात्यांत मावसभाऊ, मामेभाऊ, कुणीच नव्हते. जमीन आणि गुलाम घराण्याबाहेर जाऊ न देणं हे त्यामागचं एक मोठं कारण.

गुलाम म्हटल्यावर वंशावळीचा झाकलेला भाग सांगायलाच हवा. जेफरसनची बायको मार्था हिचा बाप जॉन वेल्स. एलिझाबेथ हेमिंग्ज या गुलाम स्त्रीपासून त्याला मुलं झाली, त्यातली एक सॅली. म्हणजे सॅली ही जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण, आणि वारसाहक्कानं त्याची मालमत्ताही. सॅलीच्या मुलांचा बाप जेफरसनच, हे तिचा मुलगा मॅडिसन यानं १८७३ मध्ये सांगितलं होतं. घराण्यानं मात्र जेफरसनच्या बहिणीच्या मुलांकडे, कार भावांकडे, बोट दाखवलं.

१९९८ च्या डीएनए तपासणीनं हे प्रकरण कसं पुढे सरकलं, ते नात्यांची वाट कळली तरच समजतं. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं. जेफरसनचा वैध मुलगा वाढला नाही, म्हणून त्याचा काका फील्ड जेफरसन याच्या निव्वळ पुरुष शाखेतले वंशज घेतले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या पुरुष वंशजाचं वाय त्यांच्याशी जुळलं. कार भाचे असल्यानं त्यांचं वाय कार घराण्याचं. ते जुळलं नाही. ही चाचणी ‘कोणीतरी जेफरसन पुरुष’ एवढंच सांगते. पुढचं काम पुन्हा कागदांचं: सॅलीच्या नोंद असलेल्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी जेफरसन माँटिसेलोत, म्हणजे आपल्या मळ्यावर, होता, हे त्याच्याच नोंदींवरून दिसतं.

व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यानुसार गुलाम आईचं मूल गुलाम, बाप कोणीही असो. मालकी आईवरून ठरायची, म्हणून जेफरसनच्या शेतीच्या वहीत सॅलीची मुलं तिच्या नावाखाली लिहिलेली आहेत आणि बापाचा रकाना नाही. गोऱ्या घराण्यांत आई शोधताना दमछाक होते. इथं आई पहिल्याच ओळीत सापडते आणि बाप शोधावा लागतो. एस्टनचा जन्म १८०८ चा. बरचा खटला संपून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. टर्की आयलंडची वंशावळ मांडायला बसलात तर त्याच्यासाठी जागा ठेवा: विल्यमपासून चौथी पिढी, मार्शलच्या ओळीतच.