यादी मिळेपर्यंत: नमुना निवडीचा माझा अनुभव

ज्यांची मुले मुंबईला आहेत, अशा राजापूर तालुक्यातील वृद्धांच्या एकाकीपणावर मी पीएच.डी.साठी काम केले. प्रश्नावली, मार्गदर्शकांची मान्यता, नीतिसमितीची परवानगी हे सारे सुरळीत पार पडले. अडले ते यादीपाशी. यादृच्छिक नमुना, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेली माणसे, घ्यायचा तर आधी अभ्यासगटातील सर्वांची यादी हाती हवी.

एका गावच्या कार्यालयात घरांची नोंदवही, म्हणजे नमुना ८, पाहण्यासाठी मी अर्ज दिला. आधी विद्यापीठाचे पत्र मागितले. ते नेले तर गोल शिक्का नाही म्हणून परत पाठवले. शिक्का आणला तेव्हा ग्रामसेवकांकडे दुसऱ्या गावाचाही कार्यभार असल्याने ते कधी भेटतील, हे कोणी सांगेना. तिथलाच एक कर्मचारी म्हणाला, "मॅडम, यादी कशाला? सकाळी देवळात म्हातारी माणसं बसतात, त्यांनाच विचारा." सल्ला सद्भावनेचा होता, पण मला तो संतापजनक वाटला आणि आजही वाटतो. जी माणसे देवळापर्यंत चालत येतात आणि चारचौघांत बसतात, त्यांच्यावरून घराबाहेर न पडणाऱ्यांचा एकाकीपणा कसा कळणार? सोयीच्या नमुन्यातून नेमकी तीच माणसे गळतात, ज्यांच्यासाठी अभ्यास मांडला. संख्या वाढवूनही हा दोष जात नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने दूरध्वनी व मोटारमालकांच्या याद्यांवरून सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळवली आणि लँडन जिंकणार असे सांगितले, जिंकले रूझवेल्ट.

अखेर नोंदवही मिळाली, तर तिच्यात घरमालकांची नावे. त्यांतील कित्येक मुंबईत आणि घरांना कुलपे. म्हणून माझे सांगणे असे की सुरुवात मतदार यादीपासून करावी. ती मतदान केंद्रानुसार संकेतस्थळावर मिळते आणि तिच्यात वयही असते. नाव गावात पण मुक्काम मुंबईत, अशी नावे गावच्या आशाताईंना विचारून वगळावीत आणि यादीत नसलेले वृद्ध जोडून घ्यावेत. हे सारे चिठ्ठ्या काढण्यापूर्वी व्हावे.

आधी वाड्या आणि मग त्यांतली माणसे, अशी समूहांनी निवड करणार असाल, तर थोड्या वाड्यांतून पुष्कळ माणसे घेण्यापेक्षा पुष्कळ वाड्यांतून थोडी घ्यावीत. आपल्याकडे एक वाडी बहुधा एका भावकीची असते आणि तिथली उत्तरे एकमेकांसारखी येतात. निवडलेले घर बंद आढळले तर शेजारच्याला विचारून मोकळे होऊ नये, पुन्हा जावे. निष्कर्षही यादीपुरतेच मांडावेत: माझे निष्कर्ष मालवणच्या मच्छीमार वस्त्यांना लागू होतील, असे मी प्रबंधात कुठेही म्हटलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. गणपती, शिमगा आणि मे महिना मुलाखतींसाठी टाळावा. चाकरमानी घरी आलेले असतात, आणि त्या दिवसांतल्या उत्तरांवरून उरलेल्या वर्षाचा अंदाज बांधता येत नाही.