आमची वाटचाल : फी भरलेल्या सभासदाला बाहेर काढताना

आमची कंपनी तीन माणसांची. मी, माझी भागीदार आणि तांत्रिक बाजू बघणारा एक सहकारी. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ग्राफिक डिझायनर्ससाठी आम्ही वर्गणी घेऊन एक ऑनलाइन समूह चालवतो. कामाचा दर कसा सांगावा, पैसे अडकवून ठेवणाऱ्या ग्राहकाशी कसं बोलावं, केलेलं काम इतरांना दाखवून मतं कशी घ्यावीत, हे सगळं इथे चालतं. आधी प्रवेश मोफत होता. जाहिरातींनी जीव नकोसा केला तेव्हा फी लावली. फी भरून येणारी माणसं मनापासून येतील आणि कटकटी मिटतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

जाहिरातवाले गेले, एवढं मात्र खरं. पण फी भरणाऱ्याच्या मनात हक्क येतो आणि फी घेणाऱ्याच्या मनात मिंधेपणा. यातलं दुसरं आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

एका सभासदाने वर्षाची फी एकदम भरली होती. माणूस जाणकार, उत्तरं नेमकी. पण नवख्याने काम दाखवलं की तो अक्षरशः तुटून पडायचा. ‘हे काम दाखवायची लाज वाटली नाही का?’ इथपर्यंत त्याची मजल जायची. आम्ही खासगीत समजावलं, त्याने दोन दिवस ऐकलं, पुन्हा तेच. ‘वर्ष संपेल तेव्हा बघू,’ असं मीच म्हणालो होतो. मग समूह सोडून जाणाऱ्या एका मुलीने कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मी काम दाखवायला आले होते. पहिल्याच आठवड्यात ते बंद केलं.’ त्या रात्री आम्ही जुने संवाद उघडून बसलो. त्याने ज्यांना ज्यांना फटकारलं होतं, त्यातल्या बहुतेकांनी त्यानंतर एकही काम टाकलेलं नव्हतं. तक्रार कुणीच केली नव्हती. मुदत संपल्यावर ते गुपचूप निघून गेले होते.

त्याला काढलं. त्याने विचारलं, ‘पैसे घेऊन काढता कसे?’ आमच्या अटींमध्ये याचं उत्तरच नव्हतं. पूर्ण फी परत केली.

पुढची चूक उलट्या बाजूची झाली आणि ती मला जास्त लागली. एका सभासदाविरुद्ध एक स्क्रीनशॉट आला. हात पोळलेलेच होते, त्यामुळे त्याला काही न विचारता रातोरात काढून टाकलं. नंतर पूर्ण संवाद हाती आला, तेव्हा कळलं की त्याचं वाक्य अर्धंच कापून आमच्याकडे पाठवलं होतं. तोवर त्याने फी परत मिळावी म्हणून कार्डाच्या बँकेकडे दावा केला होता. असा दावा साधारण 120 दिवसांपर्यंत करता येतो, आणि ग्राहकाने कोणत्या अटी केव्हा मान्य केल्या, सेवा किती वापरली, याचे पुरावे विक्रेत्याला द्यावे लागतात. आमच्याकडे काहीच नव्हतं. पैसे गेले. ते जायलाच हवे होते. आम्ही माफी मागून परत बोलावलं, पण तो आला नाही. त्याचं बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

त्यानंतर आम्ही वाचायला लागलो. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कालव्याचं पाणी वाटून घेणारे शेतकरी, एकाच पाण्यात मासेमारी करणारे कोळी अशा समूहांचा अभ्यास केला होता. जे समूह टिकले, त्यांच्यात पहिल्या चुकीला शिक्षा हलकी आणि पुन्हा पुन्हा चुकणाऱ्याला चढती असायची. 2018 ची ‘सांता क्लारा तत्त्वं’ समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपन्यांसाठी लिहिलेली आहेत. त्यांच्या तीन मागण्या : किती मजकूर आणि खाती काढली त्याचे आकडे जाहीर करा, ज्याचं काढलं त्याला कारण कळवा, दाद मागू द्या. त्यातलं कारण कळवणं आणि दाद ऐकणं तीन माणसांनाही जमतं.

आता आधी खासगी पत्र जातं. त्यात त्या माणसाचं वाक्य जसंच्या तसं आणि मोडलेला नियम असतो. पुन्हा तसंच झालं, तर काही दिवस वाचता येतं पण लिहिता येत नाही. बऱ्याच प्रणालींत ही सोय असते. डिस्कॉर्ड या समूहगप्पांच्या ॲपवर असा ‘टाइमआउट’ 28 दिवसांपर्यंत देता येतो. तिसऱ्यांदा बाहेर. धमकी, लैंगिक त्रास, कुणाचा फोन नंबर उघड करणं, दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणं, यांना या पायऱ्या नाहीत. काढलेल्याला चौदा दिवसांत दाद मागता येते आणि ती, निर्णय ज्याने घेतला नाही, तो वाचतो. दोनदा आम्ही निर्णय फिरवला आहे.

सगळ्यात जास्त वाद आमचा आपसात झाला, तो पैशांवरून. सहकाऱ्याचं म्हणणं, नियम मोडणाऱ्याला पैसे परत कशासाठी? माझं म्हणणं, पैसे आपल्याकडे राहिले की निर्णय घेताना ते मध्ये येतात. आता उरलेल्या दिवसांची फी परत जातेच, चूक कितीही मोठी असो. आणि प्रकरण तपासणाऱ्याला त्या सभासदाने किती फी भरली आहे, हे दिसत नाही.

क्रमही ठरवला आहे : आधी आपोआप होणारी पुढची वसुली रद्द, मग प्रवेश बंद, मग फायलींचे फोल्डर आणि व्हिडिओ बैठकांच्या लिंका. एकदा पहिली पायरी राहिली आणि काढलेल्या माणसाच्या खात्यातून पुढच्या महिन्याची फी कापली गेली. त्याला फोन करताना मला शब्द सापडत नव्हते.

इतर सभासदांना कारण सांगत नाही. पूर्वी सांगायचो, तेव्हा गेलेल्या माणसाची दिवसभर चिरफाड चालायची आणि त्याला बोलायची सोयच नसायची. त्याने दिलेली जुनी उत्तरं ठेवतो, त्याने सांगितलं तर नाव काढतो.

सभासदांच्या खासगी मेसेजचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. तिथे होणारा त्रास आम्हाला दिसत नाही, आणि ते मेसेज आम्ही वाचू नयेत यावर तिघांचं एकमत आहे. सध्या तक्रार करणाऱ्याकडून स्क्रीनशॉटऐवजी, त्याच्या संमतीने, पूर्ण संवाद घेतो आणि समोरच्याला विचारल्याशिवाय काही ठरवत नाही. नव्या सभासदाला अनोळखी माणसाचा थेट मेसेज पहिले तीस दिवस येऊच नये, अशी सोय सहकारी बसवतो आहे. भागीदाराला भीती वाटते की त्यामुळे ओळखीच व्हायच्या नाहीत. सुरू करून बघणार आहोत.