दोन म्हाताऱ्यांचा एक म्हातारा

मागच्या पावसाळ्यात मी माझ्या दोन जुन्या कथा जोडून कादंबरी करायला घेतली. एक नाशिकच्या भांडीबाजारातल्या दुकानदाराची, २०१६ च्या पुरातली, आणि दुसरी गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये एकटे राहणारे रिटायर्ड मास्तर, जे रोज लेकीच्या फोनची वाट बघतात. मला वाटलं मधे दोन-तीन प्रकरणं टाकली की झालं, पण छे, दोन महिने नुसतं इकडून तिकडे पानं हलवत बसले.

मग रेमंड चँडलर या अमेरिकन रहस्यकथाकाराने हे कसं केलं ते शांतपणे बघितलं. त्याची 'द बिग स्लीप' ही १९३९ ची कादंबरी मुख्यतः त्याच्याच दोन कथांतून उभी राहिलीये, 'किलर इन द रेन' (१९३५) आणि 'द कर्टन' (१९३६). दोन्ही कथांत एकेक बाप आहे, आणि कादंबरीत त्या दोघांचा मिळून एकच म्हातारा जनरल झालाय, दोन मुलींचा बाप. काचघरातला प्रसंग 'द कर्टन'मध्ये होताच, पण कादंबरीत त्याने तो परत लिहून चांगला ऐसपैस केलाय, नुसता उचलून ठेवलेला नाही. एक टाका मात्र सुटला. कादंबरीवर पिक्चर बनवताना चँडलरला तार करून विचारलं की गोष्टीतल्या ड्रायव्हरला मारलं कोणी, तर त्यालाही माहीत नव्हतं! मला त्याने काही फरक पडत नाही, तो म्हातारा इतका जिवंत आहे.

तेव्हा मी पण मास्तरांना दुकानदारात मिसळून टाकलं. फ्लॅट गेला, शाळा गेली, फोनची वाट बघणं तेवढं ठेवलं. मास्तरांची कथा उन्हाळ्यातली होती, ती सगळी ऑगस्टमध्ये आणावी लागली, आणि गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर चढलं की दुकानात कुठवर येतं हे आमच्या काकांना विचारून विचारून परत लिहिलं, कारण नाशिकचा वाचक तिथे बरोब्बर पकडतो.

आणि परवा एक प्रसंग आपोआप आला, जो दोन्ही कथांत नव्हता. पूर ओसरलाय, तो एकेक हंडा काढून गाळ धुतोय, आणि एका घागरीवर चिखलाखालून नाव दिसायला लागतं, लेकीच्या लग्नासाठी घालून ठेवलेलं, तिने न नेलेलं. तो नळ बंद करतो आणि ती घागर तशीच अर्धी धुतलेली फळीवर ठेवतो.