मामासोबत गोल्फ क्लबच्या मागच्या गेटवर

फेब्रुवारीत दोन दिवस मामाकडे नवी मुंबईतल्या करावेला जाऊन आले. मुलगी म्हणते ठाणे ते करावे याला प्रवास कोण म्हणतं, चेंदणी कोळीवाड्यातून चालत स्टेशन, ट्रान्सहार्बरने नेरूळ, पुढे रिक्षा, की तासाभरात मामाच्या ओट्यावर. पण आईचं माहेर आहे ते, आणि आई गेल्यापासून तिथे जायला दरवेळी मनाची तयारी करावी लागते, त्यामुळे माझ्या लेखी तो प्रवासच.

पहिला दिवस फ्लेमिंगोंचा. तिथल्या एनआरआय कॉम्प्लेक्स या सोसायटीच्या मागच्या तलावावर भरतीच्या वेळेला जायचं हे मामाने शिकवलंय. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात चरतात, भरतीला तो चिखल पाण्याखाली गेला की उडून या तलावांवर येतात आणि एका पायावर उभे राहून आराम करतात. त्यांना दोन्ही जागा लागतात, एक खायची आणि एक टेकायची. याच पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि टॉवर उभारायचा प्लॅन होता, तो हायकोर्टाने २०१८ मध्ये रद्द केला आणि मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आम्ही गेलो तेव्हा गर्दी होती, त्यात एकाने ड्रोन उडवला आणि अख्खा थवा उठला. मला इतका संताप आला की मी त्याला जाऊन सुनावलं. संध्याकाळी मामीच्या हातचं ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, आणि पहिला दिवस संपला.

खरं लिहायचंय ते दुसऱ्या दिवसाबद्दल.

मामाचा नातू, म्हणजे माझा भाचा, पनवेलच्या पुढे एका गोल्फ क्लबमध्ये ठेकेदाराकडून गवताच्या कामाला आहे. क्लबचं नाव लिहीत नाही, पोराची नोकरी आहे. मामाच्या मनात बरेच दिवस होतं की पोरगा रोज पहाटे चारला उठून जातो ती जागा एकदा बघायची. मामाचं वय ७८, उजवा गुडघा धरतो, तरी धोतर-टोपी घालून सकाळी सातला ओट्यावर बसलेला. रिक्षावाल्याने मेन गेटला सोडलं. गार्डने पहिला प्रश्न विचारला, मेंबर नंबर काय? मी सांगितलं की आम्ही स्टाफचे घरचे आहोत, आजोबांना फक्त पाच मिनिटं कुंपणाच्या आतून बघायचंय. तो म्हणाला स्टाफची माणसं मागच्या गेटला. मागचं गेट कुठे, तर कंपाउंडला वळसा घालून. म्हटलं ठीक आहे, पण यांना दोन मिनिटं बसायला खुर्ची द्या. खुर्ची त्याच्या केबिनमध्ये रिकामी होती. ती त्याने दिली नाही.

आम्ही पंचवीस मिनिटं चाललो. डाव्या हाताला कुंपण, आत हिरवंगार, उजव्या हाताला खडी आणि डंपर, सावली कुठेच नाही. रिकाम्या बॅटरीगाड्या आतून आमच्या बाजूने पुढे जात होत्या. मामा तीन वेळा थांबला आणि तिन्ही वेळा म्हणाला की दमलो नाय गो, बघतोय.

मागच्या गेटला डिझेलचा वास, पंपाची घरघर आणि कापलेल्या गवताचा खांद्याएवढा ढीग. भाचा गमबूट घालून धावत आला, "आज्या, हिकरं ये, सावलीत," म्हणत त्याने पालथ्या बादलीवर गोणपाट टाकलं. मला वाटलं मामा आता गेटवरच्या अपमानाबद्दल बोलेल. त्याने ढिगातून मूठभर गवत उचललं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "किती ठेवताव?"

"ग्रीनवर साडेतीन मिलीमीटर," भाचा म्हणाला आणि स्वतःच्या अंगठ्याचं वाढलेलं नख दाखवलं, त्या नखाच्या पांढऱ्या कडेएवढं.

"एवरं बारीक कापून जगतं कसं?"

आणि मग पुढचा अर्धा तास एका भातशेतकऱ्याने आणि त्याच्या नातवाने गवतावर जे बोलणं केलं ते ऐकायला मी तो वळसा पुन्हा घालेन. ग्रीन म्हणजे जिथे बॉल खड्ड्यात पाडायचा तो गुळगुळीत तुकडा. त्याच्या खाली माती नाहीच, फूटभर वाळू, तिच्याखाली खडी, खडीत भोकं पाडलेले पाइप, म्हणजे पावसाचं पाणी वर थांबायला नको. खड्डा बरोबर १०८ मिलीमीटर रुंद, आणि तो एका जागी ठेवत नाहीत, जुना बुजवून दुसरीकडे पाडतात, नाहीतर त्याच जागी पाय पडून गवत मरतं. बॉल जोरात येऊन पडला की खळगा होतो, तो भरायला भाच्याच्या खिशात दोन दातांचं छोटं हत्यार. खाली बसून त्याने मामाला करून दाखवलं, दात कडेला खुपसायचे आणि गवत बाहेरून मधे ढकलायचं, उचकटायचं नाही. मामाने ते हत्यार हातात घेऊन लावणीची रोपं खोचतात तसा अंगठा लावून बघितला.

मग भाचा म्हणाला की उन्हाळ्यात बोअरचं पाणी मचूळ होतं म्हणून इथे पास्पालम नावाचं गवत आहे, ते समुद्रकाठचं, त्याला खारं पाणी चालतं. मामा गोणपाटावरून उठलाच. "म्हंजे आमच्या रात्यासारखा!" खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट जमिनीत, पूर्वी राता भात लावायचे, तांबडा तांदूळ, बांध फुटून खारं पाणी आत आलं तरी तग धरणारा. त्या भाताचं नाव मामाच्या तोंडून मी आई गेल्यावर पहिल्यांदाच ऐकलं.

निघायच्या आधी भाच्याने आवाज खाली करून सांगितलं की क्लब विकला जाणार अशी बोलणी आहेत, कुणी मोठा इन्व्हेस्टर रिसॉर्टसकट घेतोय. आतमध्ये मेंबर लोक मेंबरशिपचं काय होणार यावर बोलत असतात. याचा ठेका राहील का हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतेय. अशी खरेदी जगभर चाललीये. रिलायन्सने २०२१ मध्ये इंग्लंडमधलं स्टोक पार्क घेतलं, गोल्फ कोर्स आणि हॉटेल मिळून ५ कोटी ७० लाख पौंड, म्हणजे ५९२ कोटी रुपये. लंडनजवळचा वेंटवर्थ क्लब २०१४ मध्ये एका चिनी ग्रुपने घेतला आणि पुढच्याच वर्षी मेंबरांना सांगितलं की एक लाख पौंड भरा, आणि मेंबर फक्त ८८८ ठेवणार. केवढा गदारोळ झाला, शेवटी तडजोड झाली. कॅलिफोर्नियातलं पेबल बीच १९९० मध्ये एका जपानी उद्योगपतीने ऐंशी कोटी डॉलरच्या वर पैसे मोजून घेतलं, प्रायव्हेट मेंबरशिप विकून पैसे वसूल करायचा त्याचा बेत होता, पण किनारा सांभाळणाऱ्या सरकारी कमिशनने तो होऊ दिला नाही आणि दोन वर्षांत त्याला ते ५० कोटींना सोडावं लागलं. या सगळ्यात मालक कोण, किंमत किती, मेंबर नाराज की खूश हे सविस्तर असतं. खड्डा कुठे पाडायचा हे ज्याला कळतं तो माणूस आणि कुंपणाबाहेरचं गाव मला बातम्यांमध्ये फार कमी सापडलं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वेगळं होऊ शकतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून जास्त वाईट वाटतं. मुलगी एडिनबरोला शिकत होती तेव्हा एका रविवारी आम्ही सेंट अँड्र्यूजला गेलो होतो, ल्यूखर्सपर्यंत ट्रेन, पुढे बस. गोल्फचं काशी म्हणतात ते गाव. तिथल्या ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो आणि त्या दिवशी कुणीही आत जाऊन फिरतं. कुत्री, बाबागाड्या, म्हातारी जोडपी, त्या छोट्या दगडी पुलावर फोटो. आम्हाला कुणी काही विचारलं नाही. ती जमीनही एकदा गावाच्या हातून गेली होती, १७९७ मध्ये कर्जापायी, मग तिथे ससे पाळले गेले आणि खेळणाऱ्यांची सशांच्या मालकांशी वर्षानुवर्षं भांडणं झाली. १८९४ मध्ये कायदा करून नगरपालिकेने ती परत घेतली. मला त्या रविवारी तिथे चालताना मामाची आठवण आली नव्हती. आता तो रविवार आठवला की मामाच डोळ्यांसमोर येतो.

तर मागचं गेट. निघताना मामा एकदम नाल्याकडे वळला. कुंपणाखालून आतलं पाणी बाहेर यायला पाइप आहे, त्याच्या तोंडाशी कापलेलं गवत आणि प्लास्टिक साचलेलं. "ही तुमची उघाडी," तो नातवाला म्हणाला. खाजणाच्या बांधाला पाणी सोडायचं दार असतं त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. "जुलैला पावसाचं पानी आनि उधाणाची भरती एका टायमाला आली का आतलं पानी जानार कुठं? तुझी वालू, खरी, पाइप, सगलं बुरंल. मालक कोन पन येवदे, ही साफ ठेव." मग काठी मला धरायला दिली आणि त्या वयात, त्या गुडघ्याने, खाली बसून हाताने ते तोंड मोकळं करायला लागला. भाचा आणि मीही बसलो. दहा मिनिटांत पाणी खळखळ वाहायला लागलं.

भाच्याने टाकाऊ गवताचा वीतभर चौकोन, मुळं-वाळूसकट, पेपरात गुंडाळून दिला. परतताना रिक्षात मामाने तो मांडीवर धरला होता.

मेमध्ये फोन केला तेव्हा पहिलं विचारलं की क्लबचं काय झालं. अजून काही नाही, पोरगा जातोय कामाला. आणि गवत?

"जगलंय गो. ओट्यावर डब्यात लावलंय. आठवड्याला एकदा खारीचं पानी घालतो, मामी वरडते. पावसात खाली वालू टाकून बघनार हाय."