त्या यादीचे उजवीकडचे रकाने

2019 च्या ऑगस्टमधला पूर ओसरला आणि आमच्या ग्रामपंचायतीत एकच प्रश्न सुरू झाला, "माझं घर कशात बसलं?" कशात म्हणजे नुकसानभरपाईच्या ए, बी की सी वर्गात. पडझड 75 टक्क्यांवर असेल तर ए, 25 च्या वर बी, त्याखाली सी. कागदावर सोपं आहे. मातीची भिंत तीन दिवस दूधगंगेच्या पाण्यात राहिली की बाहेरून शाबूत दिसते, बोट घातलं की चिखल. पंचनाम्याला आलेले इंजिनिअर दारातूनच फोटो काढून सी लिहायचे. "भिंत उभी आहे ना?" तीच भिंत पंधरा दिवसांनी पडली की शिव्या बिल कलेक्टरला, म्हणजे मला.

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातलं गाव. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना मराठी कळायचं, बोलता येत नव्हतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माझ्या गळ्यात. काळम्मावाडी धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, काळजी केंद्र म्हणजे पूरग्रस्तांचा निवारा कुठल्या शाळेत, हे कन्नडमधून मराठी करून मी रात्री दोनलाही टाकलंय. त्यावर माणसं वेळेत बाहेर पडली. याचा अभिमान होता, आणि तोच नडला.

कुणाचं घर कुठल्या वर्गात याची यादी हातात पडली तशी तिन्ही पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. म्हटलं, आता तरी हेलपाटे थांबतील. नाव, घर नंबर, वर्ग एवढंच मी पाहिलं. उजवीकडे मोबाइल, बँक खातं आणि आधारचे बाराच्या बारा आकडे होते. ग्रुप 256 वर गच्च भरलेला. त्यातले कित्येक कोण, हे अ‍ॅडमिन असून मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी विड्या वळणाऱ्या एक आजी चालू फोन घेऊनच ऑफिसात आल्या.

"बाळ, बंगळूरच्या हापिसातनं फोन हाय. घराचं पैसं सोडायला मेसेजमधला आकडा मागत्यात. मला वाचाय येत न्हाई, तू सांग की."

मी फोन कानाला लावला. पलीकडचा हिंदीत त्यांचा घर नंबर, खातं, वर्ग घडाघडा म्हणत होता. "कोण बोलताय?" विचारल्यावर फोन कट.

"बंद का केलास? आता पैसं येणार न्हाईत." आजी माझ्यावरच तापल्या.

पोस्ट सगळ्यांकडून पुसायला तेव्हा तासाभराचीच मुदत असायची. माझ्या फोनमधून फोटो गेले, बाकीच्यांकडे राहिले. मग दोन दिवस यादी घेऊन दारोदार फिरलो, आकडा कुणाला सांगू नका म्हणून. तिघांना आधीच फोन येऊन गेले होते.

साहेब म्हणाले, "फलकावर लाव म्हटलं होतं, ग्रुपवर नाही." खरं आहे. पण फलकावरही तीच पानं लागली असती, त्याच रकान्यांसकट. शिवाय ती यादी आमच्यापर्यंत यायच्या आधी किती टेबलांवरून फिरली, कुणास ठाऊक. चोराला ती माझ्याच ग्रुपवरून मिळाली का, हे आजही सांगता येत नाही. यादी झाकून ठेवली असती तर मी पैसे खाल्ले म्हणून गावानं धरलं असतं, तेही तितकंच खरं. हल्ली उजवीकडच्या रकान्यांवर कोरा कागद ठेवून झेरॉक्स काढतो आणि तीच फलकावर लावतो.

आजींची भिंत दिवाळीआधी पडली. यादीत सीच राहिलं. भेटल्या की अजून विचारतात, "त्या बंगळूरवाल्याचा परत फोन न्हाई आला व्हय रं?"