आधीचा गॅस गेला कुठे?

गेल्या उन्हाळ्यात गाडीच्या एसीत गॅस भरला होता, यंदा पुन्हा कोमट वारा. आज द्वारकेजवळच्या गॅरेजमध्ये अर्धा दिवस गेला, पण फार बरं वाटलं. तिथले दादा 'गॅस टाकून देतो' म्हणालेच नाहीत. म्हणाले, "आधीचा गेला कुठे, ते बघू."

खरंच आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी निसटतोय. व्हॅक्यूम ओढून मोठी गळती कळते, बारीक मात्र लपून राहते. म्हणून त्यांनी दाबाने नायट्रोजन भरला, गेज लावून ठेवला आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा कुठेच नाही, कंडेन्सरवर (गाडीच्या पुढच्या जाळीमागे गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) तेलाचा डागही नाही. तरी काटा हळूहळू उतरत होता!

मग थोडा आर-१३४ए, म्हणजे एसीचाच गॅस, आत सोडला, ब्लोअर बंद ठेवून वाट पाहिली. हा गॅस हवेपेक्षा साडेतीन पट जड, खाली बसतो. गाडीखाली एसीचं पाणी जिथून टपकतं, त्या नळीपाशी गॅस ओळखणारा डिटेक्टर धरला आणि तो किंचाळायला लागला. म्हणजे डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल.

खर्च मोठा आहे, मान्य. पण हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजाराहून अधिक पट वातावरण तापवतो. दरवर्षी भरून हवेत सोडत राहणं मला पटत नाही. शनिवारी डॅशबोर्ड उतरवायचा. कॉइलबरोबर ओ-रिंग (सांध्यांतली रबरी कडी) आणि ओलावा शोषणारा ड्रायरही नवीनच टाकायला सांगितलंय.